फ्रँकफर्टमध्ये नऊ तासांचा थांबा: शहरात जावे का, आणि गेल्यास काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या मे महिन्यात आपण पती-पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या आई असे चौघे मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे अमेरिकेला निघाला आहात. पहिले विमान सकाळी सातच्या सुमारास उतरते, पुढचे दुपारी चारला सुटते आणि दोन्ही एकाच तिकिटावर आहेत. चौघांकडे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा आहे. एवढ्या वेळात फ्रँकफर्ट शहर पाहून येता येईल का, आणि येत असेल तर काय पाहावे, हे आपण विचारले आहे. परदेशप्रवासाची आखणी हाच माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय असल्याने आणि हे शहर माझ्या चांगल्या परिचयाचे असल्याने सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी कागदपत्रे, कारण आज आपल्याकडे जी कागदपत्रे आहेत त्यांवर शहरात जाता येणार नाही. अमेरिकेचा व्हिसा, किंवा अगदी ग्रीन कार्ड असले, तरी भारतीय पासपोर्टधारकाला त्यावर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या जर्मनीसह युरोपीय देशांत, प्रवेश मिळत नाही. वैध अमेरिकी व्हिसामुळे आपल्याला एवढीच सवलत मिळते की, अमेरिकेला जाताना जर्मनीच्या विमानतळावर विमान बदलण्यासाठी वेगळा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागत नाही. ही सवलत विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय कक्षापुरती आहे. तिथल्या इमिग्रेशनच्या काउंटरपलीकडे पाऊल टाकायचे असेल, तर अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसाच लागतो. विमानतळासाठीचा ट्रान्झिट व्हिसा कोणी काढून दिला, तरी त्यावरही बाहेर पडता येत नाही. ही गल्लत फार लोक करतात, म्हणून मुद्दाम लिहिले. आपल्यासोबत एखादा नातेवाईक अमेरिकी पासपोर्टवर प्रवास करत असेल, तर त्याला व्हिसाशिवाय बाहेर पडता येईल आणि आपल्याला मात्र आतच थांबावे लागेल, हेही तिकिटे काढताना लक्षात घ्यावे.

शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. चौघांचे मिळून ३१५ युरो होतात. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा. शिवाय प्रत्यक्ष हजर राहून बोटांचे ठसे द्यावे लागतात. बारा वर्षांखालील मुलांना ते द्यावे लागत नाहीत. हा सगळा खटाटोप केवळ तीन-साडेतीन तासांच्या फेरफटक्यासाठी करावा, असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु परतीच्या प्रवासातही आपण फ्रँकफर्टमार्गेच येणार असाल, तर माझी सूचना अशी की येताना तिथे दोन-तीन रात्री मुक्काम ठेवावा आणि व्हिसाचा अर्ज त्या मुक्कामासाठी करावा. जाताना काही तास आणि येताना काही दिवस असे दोन वेगवेगळे प्रवेश होणार असल्याने अर्जात एकाहून अधिक प्रवेशांची मागणी स्पष्टपणे करावी. एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला, तर तो जाताना वापरून संपवू नये, येतानासाठी राखून ठेवावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे हा निर्णय लांबणीवर टाकू नये.

ज्या वाचकांचा पुढचा प्रवास रोम, पॅरिस किंवा प्राग अशा शेंगेनमधल्याच शहराकडे आहे, त्यांची स्थिती अगदी वेगळी असते. त्यांचे इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होते, व्हिसा हातात असतोच आणि पुढचे विमान देशांतर्गत विमानासारखे सुटते. त्यांनी मोठा थांबा मिळाल्यास संकोच न करता शहरात जावे.

आता व्हिसा मिळाला आहे असे धरून वेळेचा हिशेब मांडू. नऊ तासांचा थांबा म्हणजे नऊ तास फिरायला, असे कधीच नसते. सातला उतरल्यावर विमानातून बाहेर येणे, लांबलचक मार्गिका चालणे आणि इमिग्रेशनची रांग यांत एक ते दीड तास सहज जातो, कारण आशियातून येणारी अनेक मोठी विमाने त्याच वेळी उतरतात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत सुरू केली आहे. तीत पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र आणि गरजेप्रमाणे बोटांचे ठसे संगणकात नोंदवले जातात. पहिल्या नोंदणीला थोडा अधिक वेळ लागतो. साडेआठला आपण बाहेर आलात, तर नऊ-सव्वानऊला शहराच्या मध्यभागी असाल. अमेरिकेच्या विमानांसाठी विमानात चढण्याच्या दाराजवळ कागदपत्रांची आणखी एक तपासणी होते आणि दारही लवकर बंद होते, म्हणून चारच्या विमानासाठी सव्वा वाजेपर्यंत विमानतळावर परत आलेच पाहिजे. म्हणजे शहरातून साडेबाराला निघायला हवे. हाती राहतात ते सव्वातीन तास. एकूण थांबा सहा तासांहून कमी असेल, तर मी शहरात जाण्याचा सल्ला देत नाही. सहा ते सात तासांच्या थांब्यात केवळ तरुण, चपळ आणि हलक्या सामानाच्या प्रवाशाने जावे.

सामानाविषयी दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. एकाच तिकिटावर प्रवास असल्याने मोठ्या बॅगा मुंबईतूनच अंतिम ठिकाणापर्यंत जातील. तरीही मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या चिठ्ठीवरील शहराचे नाव वाचून घ्यावे आणि पुढच्या विमानाचे बोर्डिंग पास तिथेच हातात घ्यावेत. इमिग्रेशनचा अधिकारी ते पाहायला मागतो. हातातल्या बॅगा जड असतील, तर टर्मिनल १ मध्ये पैसे देऊन सामान ठेवण्याची सोय आहे. आईंसाठी व्हीलचेअर नोंदवली असेल, तर मदतनीस आपल्याला विमानाच्या दारातूनच थेट पुढच्या विमानाकडे नेऊ लागतो. आपण शहरात जाणार आहोत हे त्याला सुरुवातीलाच सांगावे आणि परतल्यावर मदत कुठे मिळेल हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे.

मे महिन्यात मुंबईहून निघणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हातातल्या पिशवीत काय असते हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून हेही लिहितो. विमानतळाबाहेर पडताना आपण युरोपीय संघाची सीमाशुल्क रेषा ओलांडता. प्रवाशाने बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास तिथे मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, खव्याची मिठाई आणि तूप हातात घेऊन बाहेर पडता येत नाही. हापूस आंबाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना त्यातून सूट आहे. पुढे अमेरिकेचे नियमही कडक आहेत, तेव्हा आंबे घरीच खाऊन निघावे. मुंबईच्या ड्यूटी-फ्री दुकानातून घेतलेली अत्तराची किंवा मद्याची बाटली परतताना पुन्हा सुरक्षा तपासणीतून जाते आणि १०० मिलिलिटरच्या मर्यादेत अडकू शकते. शहरात जाण्याचा बेत असेल, तर अशी खरेदी परतीच्या वेळेसाठी ठेवावी.

विमानतळाहून शहरात जाण्यासाठी उपनगरी रेल्वे, म्हणजे एस-बान, हा उत्तम मार्ग आहे. विमानतळावर दोन रेल्वे स्थानके आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक वेगळे आहे, तिकडे जाऊ नये. टर्मिनल १ च्या खाली असलेले प्रादेशिक स्थानक आपले. दुसऱ्या टर्मिनलला उतरलात, तर टर्मिनलांमध्ये फिरणाऱ्या मोफत गाडीने टर्मिनल १ ला यावे. शहराकडे जाणाऱ्या गाड्या एस-८ आणि एस-९. त्याच क्रमांकांच्या गाड्या उलट दिशेने वीसबाडेनलाही जातात, म्हणून फलकावर हानाऊ किंवा ऑफेनबाख हे नाव पाहून चढावे. हाउप्टवाखे या स्थानकापर्यंत साधारण पंधरा मिनिटे लागतात. तिकीट फलाटावर जाण्याआधी यंत्रातून घ्यावे. तिथे आपल्या मेट्रोसारखी अडवणारी दारे नाहीत, पण गाडीत तपासनीस येतात आणि तिकीट नसल्यास ६० युरो दंड होतो. परदेशी असल्याची सबब चालत नाही. यंत्रातून निघालेले तिकीट त्याच क्षणापासून लागू होते, त्यामुळे परतीचे सुटे तिकीट आधी काढून ठेवू नये. आपण चौघे आहात, तेव्हा पाच जणांपर्यंत चालणारे गटाचे दिवसभराचे तिकीट विमानतळाच्या क्षेत्रासह घ्यावे. ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते आणि शहरातल्या ट्राम व भुयारी रेल्वेलाही चालते.

बहुतेक प्रवासी मुख्य रेल्वे स्थानकावर उतरतात आणि तिथून चालत शहर गाठतात. आपण तसे करू नये. स्थानकासमोरच्या काही गल्ल्यांत अमली पदार्थांचे व्यसन उघड्यावर दिसते. दिवसा तिथे भिण्यासारखे फारसे काही नसले, तरी लहान मुलाला आणि आईंना घेऊन जाण्याची ती जागा नव्हे, आणि अनेक भारतीय प्रवासी या शहराविषयीचे वाईट मत तेवढ्याच अर्ध्या किलोमीटरवरून बनवतात. गाडीतच बसून राहावे आणि मुख्य स्थानकानंतरचे दुसरे स्थानक, हाउप्टवाखे, तिथे उतरावे.

फ्रँकफर्ट म्हणजे बँकांच्या काचेच्या इमारती, असे समजून लोक इथे थांबत नाहीत. माझे मत वेगळे आहे. या शहराचा जुना गाभा इतका आटोपशीर आहे की, हाउप्टवाखेपासून माइन नदीपर्यंतचे अंतर एक किलोमीटरसुद्धा भरत नाही, आणि त्या एवढ्याशा पट्ट्यात जर्मनीचा राजेशाहीपासून लोकशाहीपर्यंतचा इतिहास पायांखाली येतो. पॅरिस किंवा रोममध्ये तीन तासांत माणसाची नुसती धावपळ होते. इथे तीन तासांत एक सलग गोष्ट पाहून होते. म्हणून माझा आग्रह असा की आपण या पट्ट्याबाहेर पडूच नये आणि आहे ते नीट पाहावे.

हाउप्टवाखेच्या चौकात १७३० साली बांधलेली पहारेकऱ्यांची चौकी आहे; आता तिथे कॅफे चालतो. तिथून दक्षिणेकडे चालत गेल्यावर लाल वालुकाश्माची, लंबवर्तुळाकार पाउल्सकिर्शे लागते. दिसायला साधे असलेले हे चर्च फार महत्त्वाचे आहे. जर्मनीची पहिली निवडून आलेली राष्ट्रीय संसद १८ मे १८४८ रोजी इथे भरली. त्या वेळी जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र नव्हते. लहानमोठ्या अनेक संस्थानांतून निवडून आलेले प्रतिनिधी इथे जमले आणि त्यांनी मूलभूत हक्कांची सनद तयार केली. प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याच्या राजाने त्यांनी देऊ केलेला मुकुट नाकारला आणि १८४९ मध्ये तो प्रयत्न मोडला, तरी त्या हक्कांचे शब्द पुढच्या जर्मन राज्यघटनांमध्ये उतरले. मार्च १९४४ मधील बॉम्बहल्ल्यात ही इमारत जळाली, आणि सारे शहर ढिगाऱ्यात असताना नागरिकांनी ती आधी उभी करून, शताब्दीचा दिवस साधून, १८ मे १९४८ रोजी पुन्हा उघडली. उघडे असल्यास आत जाऊन दहा मिनिटे बसावे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार याच सभागृहात दिला जातो. १९६१ मध्ये तो सर्वपल्ली राधाकृष्णन यांना मिळाला आणि २०२३ मध्ये मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी यांना.

पाउल्सकिर्शेच्या पुढे दोन मिनिटांवर रोमरबेर्ग हा चौक आहे. डावीकडची लाकडी चौकटीची उंच घरे आणि उजवीकडचे पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याचे रोमर, म्हणजे नगरपालिकेची इमारत, हे चित्र आपण छायाचित्रांत पाहिले असेल. नगरपालिकेचा कारभार या जागेतून १४०५ पासून चालतो. चौकाच्या मध्यभागी न्यायदेवतेचे कारंजे आहे. ही न्यायदेवता डोळ्यांवर पट्टी न बांधता नगरपालिकेकडे पाहत उभी आहे, हे मुलाला जरूर दाखवा. सम्राटाच्या राज्याभिषेकाच्या वेळी या कारंज्यातून वाइन वाहवल्याची नोंद आहे. असाच एक सोहळा १७६४ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने डोळे भरून पाहिला आणि म्हातारपणी आठवणींत तपशीलवार लिहून ठेवला. तो मुलगा म्हणजे महाकवी गटे. याच चौकातल्या फरशीत एक गोल धातूची पाटी बसवलेली आहे. १० मे १९३३ रोजी नाझी समर्थकांनी इथे पुस्तकांची होळी केली, त्याची ती खूण. गर्दीत ती पायांखाली जाते. सकाळी नऊच्या सुमारास चौक मोकळा असतो, तेव्हा सापडते.

रोमर आणि कॅथेड्रल यांच्या मधला भाग हा मला या शहरात सर्वाधिक विचार करायला लावणारा वाटतो. युरोपातल्या मोठ्या मध्ययुगीन वस्त्यांपैकी एक इथे होती आणि मार्च १९४४ च्या हल्ल्यांत ती जवळजवळ संपूर्ण जळून गेली. युद्धानंतर तिथे काँक्रीटचे भले मोठे सरकारी कार्यालय उभे राहिले. ते पाडून २०१२ ते २०१८ या काळात तिथे ३५ घरे बांधली गेली. त्यांतली १५ जुन्या नकाशांवरून, छायाचित्रांवरून हुबेहूब उभारलेली आणि उरलेली आजच्या पद्धतीची, पण जुन्याच गल्ल्यांच्या मापात बसणारी. रोमरबेर्गवरची लाकडी घरेही १९८० च्या दशकातली पुनर्बांधणी आहे. ‘हे सगळे नकली आहे’ असे म्हणून काही प्रवासी नाक मुरडतात आणि जर्मनीतल्या अनेक वास्तुरचनाकारांनीही या प्रकल्पावर कडक टीका केली. मला ती टीका अर्धीच पटते. नव्या भिंतींत जुन्या घरांचे वाचलेले कोरीव दगड जागोजागी बसवले आहेत. त्यांचा रंग आणि झिजलेली धार पाहिली की कोणता दगड आगीतून आला आहे ते ओळखता येते. हे शोधण्याचे काम मुलावर सोपवावे. ‘गोल्डेन वागे’ म्हणजे सोन्याचा तराजू या नावाचे कॅथेड्रलसमोरचे घर पुनर्बांधणीतले सर्वांत कष्टाचे काम आहे. मूळ घर १६१९ च्या सुमाराचे. त्याच्या शेजारच्या इमारतीखाली रोमन काळातले अवशेष आणि शार्लमेन या मध्ययुगीन सम्राटाच्या घराण्याच्या राजवाड्याचे पाये जपून ठेवलेले आहेत आणि ते विनामूल्य पाहता येतात. शहराचे नाव लेखी स्वरूपात पहिल्यांदा येते ते इसवी सन ७९४ मध्ये, शार्लमेनने इथे भरवलेल्या धर्मसभेच्या निमित्ताने.

कॅथेड्रल म्हणजे बिशपचे, धर्मप्रांताच्या प्रमुखाचे, चर्च; पण तसे म्हटले जात असले, तरी हे चर्च कधीच बिशपचे पीठ नव्हते. त्याला मान मिळाला तो सम्राटांमुळे. १३५६ च्या शाही फर्मानाने पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे जुन्या जर्मन साम्राज्याच्या, सम्राटाची निवड फ्रँकफर्टला होऊ लागली, आणि १५६२ ते १७९२ या काळात दहा सम्राटांचा राज्याभिषेकही इथेच झाला. मनोऱ्याच्या तीनशेहून अधिक पायऱ्या चढण्याचा मोह मात्र आवरावा. रात्रभर विमानात बसून सुजलेल्या पायांना ते सोसत नाही. आत शांतपणे बसावे. रविवारी प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांनी आत फिरू नये, एवढे भान ठेवावे.

तिथून नदी अगदी जवळ आहे. आयझर्नर श्टेग हा लोखंडी पादचारी पूल १८६९ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून बांधला गेला. पुलाच्या मध्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की कॅथेड्रलचा ९५ मीटर उंच मनोरा आणि डावीकडे बँकांचे गगनचुंबी मनोरे, त्यांत २५९ मीटरचा कॉमर्झबँक टॉवर, एकाच चौकटीत येतात. या एका जागेवर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. आईंना चालणे जड जात असेल, तर पुलाजवळूनच नदीतल्या बोटींच्या सुमारे पन्नास मिनिटांच्या फेऱ्या निघतात. त्या दिवसाच्या पहिल्या फेरीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी, कारण फार सकाळी त्या सुरू होत नाहीत.

परत हाउप्टवाखेकडे येताना दोन ठिकाणे वाटेवर आहेत. एक म्हणजे क्लाइनमार्क्टहाले हा छपराखालचा बाजार. १९५४ च्या इमारतीत भाजी, फळे, पाव, चीज, मासे यांची दुकाने दाटीने बसलेली आहेत. तो सकाळी आठला उघडतो आणि रविवारी बंद असतो. शाकाहारी माणसाला फळे, पाव, मीठ लावून भाजलेले ब्रेट्सेल आणि चीज इथे निर्धास्त मिळते. फ्रँकफर्टची हिरवी चटणी, ‘ग्र्यूने झोसे’, सात ताज्या वनस्पतींपासून करतात आणि वसंतातच ती खरी खावी. दही किंवा आंबवलेली साय घातलेली ही चटणी उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढतात. तिच्यात आणि तिच्याबरोबर बहुधा अंडे असते, ते चालत नसल्यास आधी विचारावे. बाजारातल्या दुकानांत त्या सात पानांची कागदात गुंडाळलेली जुडी दिसेल.

दुसरे ठिकाण गटेचे जन्मघर. २८ ऑगस्ट १७४९ रोजी तो इथे जन्मला. २२ मार्च १९४४ रोजी, म्हणजे नेमक्या त्याच्या पुण्यतिथीला, हे घर बॉम्बहल्ल्यात कोसळले. पण त्यातले सामान आधीच सुरक्षित जागी हलवलेले होते, त्यामुळे १९५१ मध्ये पुन्हा उघडलेल्या घरात भिंती नव्या असल्या तरी लिहिण्याचे मेज, चित्रे आणि घड्याळे त्या काळातली आहेत. पुण्यामुंबईच्या लोकांना त्याचे नाव जर्मन शिकवणाऱ्या संस्थेमुळे परिचित असते. कालिदासाचे शाकुंतल त्याने गेऑर्ग फॉर्स्टरच्या १७९१ च्या जर्मन अनुवादातून वाचले आणि त्यावर चार ओळींची स्तुतिपर कविता लिहिली, हे आईंना कदाचित शाळेतल्या संस्कृतच्या तासामुळे आठवत असेल. घर दहाला उघडते. पाऊण तास पुरतो. लाकडी जिने आहेत, म्हणून आईंना सर्व मजले चढण्याचा आग्रह करू नये.

वाराचा विचार मात्र आधी करावा लागतो. सोमवारी बहुतेक संग्रहालये आणि गटेचे घरही बंद असते. रविवारी दुकाने आणि बाजार बंद असतो. सोमवार आल्यास, किंवा जोराचा पाऊस असल्यास, हाउप्टवाखेहून यू-६ किंवा यू-७ या भुयारी रेल्वेने बोकेनहाइमर वार्टे स्थानकावर जावे. तिथल्या झेंकेनबेर्ग निसर्गविज्ञान संग्रहालयात डायनोसॉरांचे भव्य सांगाडे आहेत आणि त्वचेच्या ठशांसह अश्मीभूत झालेला एडमोंटोसॉरस आहे. ते सकाळी नऊला उघडते आणि सोमवारीही चालू असते. दहा वर्षांच्या मुलाला विचारलेत, तर तो बाकी सगळे सोडून तिकडेच चला म्हणेल. तसे केले, तर गटेचे घर आणि बाजार वगळावेत, रोमरबेर्ग आणि पूल वगळू नयेत.

नदीपलीकडचे श्टेडेल संग्रहालय फार मोलाचे आहे. व्हर्मीरचे भूगोलतज्ज्ञाचे चित्र आणि टिशबाइनने रंगवलेला, रोमच्या परिसरात विसावलेला गटे तिथे आहे. पण ते परतीच्या मुक्कामासाठी ठेवावे. हायडेलबर्ग आणि ऱ्हाइन नदीची सहल यांचे सल्ले आपल्याला मिळतील. नऊ तासांच्या थांब्यात हे दोन्ही बेत मी धोक्याचे मानतो. एखादी गाडी रद्द झाली तर शहरातून टॅक्सीने विमानतळ वीस-पंचवीस मिनिटांत गाठता येतो, हायडेलबर्गहून तसे होत नाही.

परतताना एका गोष्टीवर बारीक लक्ष ठेवावे. हाउप्टवाखेच्या फलाटावर वीसबाडेनकडे जाणाऱ्या तीन गाड्या येतात: एस-१, एस-८ आणि एस-९. यांतली एस-१ विमानतळाला जात नाही. ती वेगळ्या मार्गाने वीसबाडेनला जाते. घाईत नुसते शेवटच्या स्थानकाचे नाव पाहून चढणारे प्रवासी तिच्यात बसतात आणि अर्धा-पाऊण तास गमावतात. शहराखालचा रेल्वे बोगदा दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतो आणि तेव्हा गाड्यांचे मार्ग बदलतात, म्हणून सकाळी निघतानाच परतीच्या गाड्या फोनवर पाहून ठेवाव्यात. गाड्या विस्कळीत दिसल्या, तर वाट पाहत न बसता टॅक्सी घ्यावी. एकाच तिकिटावर असलात, तरी आपण स्वतः शहरात गेल्यामुळे विमान चुकल्यास ती जबाबदारी विमानकंपनीची राहत नाही, आणि न आलेला प्रवासी म्हणून तिकिटाचे पुढचे टप्पेही रद्द होऊ शकतात.

शेवटी, हे सगळे वाचून व्हिसा न काढण्याचे ठरवलेत, तर नऊ तासांचा थांबा तसाच ठेवण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय कक्षात बसायला, खायला आणि पैसे देऊन अंघोळ करायला सोय आहे, पण अडुसष्ट वर्षांच्या व्यक्तीला रात्रभराच्या प्रवासानंतर तिथे दिवस काढणे त्रासाचे होते. ज्या कंपनीचे तिकीट आहे तिला आत्ताच विचारावे की, त्याच दिवशी सकाळी उशिरा सुटणाऱ्या विमानात चौघांना जागा आहे का. दोन विमानांत किमान अडीच-तीन तासांचे अंतर राहत असेल, तर बदल करून घ्यावा, आणि व्हीलचेअरची नोंद नव्या विमानावरही झाली आहे की नाही, हे निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा विचारून घ्यावे.